ट्रकच्या इंजिनात हवा किती कोंबावी?

घाट चढणाऱ्या ट्रकची बारीक शीळ तुम्ही ऐकली असेल. ती टर्बोचार्जरची. इंजिनातून बाहेर पडणारे तप्त वायू त्याचे चक्र फिरवतात आणि ते सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबते. हवा जास्त, म्हणून डिझेलही जास्त जाळता येते, शक्ती वाढते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांचे या कल्पनेचे पेटंट १९०५ सालचे.

मग दाब वाढवतच का नेऊ नये? सायकलचा पंप आठवा. हवा दाबली की तापते. २७ अंश सेल्सिअसच्या हवेचा दाब दुप्पट केला, तर आदर्श स्थितीतही ती सुमारे ९३ अंशांवर जाते. त्यामुळे तिची घनता दुप्पट न होता सुमारे १.६४ पटच होते. म्हणूनच ती हवा इंटरकूलरमध्ये थंड करतात.

खरा धोका सिलिंडरमध्ये आहे. दट्ट्या हवेचे आकारमान एक-षोडशांश करतो, तेव्हा दाब सुमारे ४० पट होतो. आरंभीचा दाब एकाऐवजी दोन वातावरण असेल, तर शेवटी ४० ऐवजी ८०! ज्वलनाचा दाब निराळाच. दट्ट्या, गॅस्केट, बेअरिंग यांची ताकद मात्र तेवढीच राहते. म्हणून ठरलेल्या दाबाला वेस्टगेट झडप उघडते आणि काही वायू चक्राला वळसा घालून निघून जातात. या झडपेची स्प्रिंग आवळून मिळवलेली शक्ती फुकटची नसते. ती इंजिनाच्या आयुष्यातून वजा होते.