घाटमाथ्याचा पाऊस आणि पायथनची अवजारे

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, नाणेघाटाच्या माथ्यालगत वसलेले घाटघर आणि त्याच तालुक्यात पूर्वेकडे नारायणगावजवळ असलेले खोडद या दोन गावांत सरळ रेषेत पन्नास किलोमीटरचेही अंतर नाही. तरीही पावसाळ्यात घाटघरच्या परिसरात सह्याद्रीचा मुसळधार पाऊस कोसळत असतो, तर खोडदच्या बाजूला डोंगराने अडवलेल्या ढगांचा उरलासुरला वाटा तेवढा पोहोचतो. आकड्यांशी मात्र दोन्ही ठिकाणांचे नाते जुळलेले आहे. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेण्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे ब्राह्मी लिपीत कोरलेले असून भारतातील अंकलेखनाच्या फार जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते. खोडदला उभी असलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी ही महादुर्बीण, अवकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींची मोजमापे टिपते. पाऊस असो वा रेडिओलहरी, आकड्यांच्या राशीतून अर्थ काढण्यासाठी आज जगभरातील अभ्यासक ज्या संगणकभाषेकडे सर्वाधिक वळतात, ती पायथन ही स्क्रिप्टिंग भाषा होय.

नेदरलँड्सच्या खिदो व्हान रॉसम यांनी 1991मध्ये ही भाषा जगापुढे ठेवली. सी किंवा फोर्ट्रानसारख्या भाषेतील प्रोग्रॅम आधी कंपायलरकडून यंत्राच्या भाषेत उतरवून घ्यावा लागतो आणि मगच तो चालतो. स्क्रिप्टिंग भाषेत ही वेगळी पायरी लिहिणाऱ्याच्या वाट्याला येत नाही, कारण इंटरप्रिटर नावाचा प्रोग्रॅम लिहिलेला मजकूर वाचून तिथल्या तिथे अमलात आणतो आणि त्यामुळे लिहिणे, चालवून पाहणे व सुधारणे हे चक्र झटपट फिरते. या सोयीची किंमत वेगात मोजावी लागते. म्हणून जड गणिते सी किंवा फोर्ट्रानमध्ये लिहिलेल्या तयार संचांवर सोपवून पायथनकडे त्यांना जोडण्याचे काम ठेवण्याची पद्धत रूढ झाली. अशा तयार संचाला लायब्ररी म्हणतात. पायथनच्या सार्वजनिक भांडारात आज पाच लाखांहून अधिक पॅकेजेस आहेत आणि नवशिक्याची खरी अडचण याच विपुलतेत आहे: कोणती लायब्ररी घ्यावी, कोड कोणत्या एडिटरमध्ये लिहावा आणि सोबत कोणती साधने ठेवावीत, या प्रश्नांतच उत्साहाचे पहिले काही दिवस खर्ची पडतात.

आधी प्रश्न, मग लायब्ररी

निवडीचा क्रम लावायचा झाला, तर आधी प्रश्न, मग माहिती, मग लायब्ररी आणि सर्वांत शेवटी एडिटर असा तो लावावा लागतो. जुन्नरच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना घाटघर परिसरातील पाऊस गेल्या शंभर वर्षांत कसा बदलला हे तपासायचे आहे, असे समजू. भारतीय हवामान विभागाने देशभरातील पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदींवरून 1901पासूनच्या दैनिक पावसाची जाळीबद्ध माहिती तयार केली आहे. जाळीबद्ध म्हणजे नकाशावर अक्षांश-रेखांशांच्या पाव अंशावर बिंदू कल्पून प्रत्येक बिंदूला पावसाचा आकडा दिलेली. या जाळीत 135 गुणिले 129, म्हणजे 17,415 बिंदू आहेत. वर्षभराच्या दिवसांनी गुणले असता सुमारे 63 लाख 56 हजार आकडे होतात आणि प्रत्येक आकड्याला चार बाइट धरले, तर एका वर्षाची फाइल सुमारे 25 मेगाबाइटची, शंभर वर्षांचा संच सुमारे अडीच गिगाबाइटचा भरतो.

एवढा साधा गुणाकार आधी केला, तरी अनेक साधने आपोआप बाजूला पडतात. अडीच गिगाबाइटचे काम साध्या लॅपटॉपवर होते, त्यासाठी अनेक संगणकांवर काम वाटून देणारी अवजड यंत्रणा लागत नाही. आणि घाटघरजवळच्या एकाच बिंदूपुरता प्रश्न असेल, तर शंभर वर्षांचे आकडे जेमतेम साडेछत्तीस हजार होतात. ते एकदा वेगळे काढून साध्या सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेल्या मजकुरात ठेवले, की पायथनसोबत मिळणाऱ्या प्रमाण लायब्ररीतील सीएसव्ही, डेटटाइम आणि स्टॅटिस्टिक्स या मोड्यूलांवर पुढचे बरेचसे काम निभावते. बाहेरचे काही घेण्याआधी हे घरचे सामान पाहण्याची सवय पुष्कळ त्रास वाचवते.

तरीही मूळ फाइल संगणकाला सोईच्या द्विमान रूपात असते, माणसाला ती थेट वाचता येत नाही. तेथे बाहेरची लायब्ररी उपयोगी पडते. आयएमडीलिब ही मुक्त लायब्ररी हवामान विभागाच्या या फाइली उतरवून घेते, उघडते आणि सीएसव्हीत किंवा एक्सअ‍ॅरेच्या रूपात देते. एक्सअ‍ॅरे ही दिनांक, अक्षांश व रेखांश अशी नावे असलेले बहुमितीय तक्ते हाताळणारी लायब्ररी आहे. तिच्या तळाशी 2006मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती आलेली नमपाय आहे, जी आकड्यांच्या रांगांवरचे गणित सी भाषेच्या वेगाने करते. वेस मॅकिनी यांनी 2008मध्ये सुरू केलेली पांडाज तारखांनुसार मांडलेल्या तक्त्यांसाठी, तर जॉन हंटर यांनी घडवलेली मॅटप्लॉटलिब आलेख काढण्यासाठी वापरतात. या पाच नावांत प्रस्तुत प्रश्नाची गरज भागते.

मात्र लायब्ररी हाती आली म्हणजे माहिती समजली, असे होत नाही. या फाइलींत जेथे नोंद नाही तेथे उणे 999 हा आकडा असतो. तो वगळायचा राहिला, तर सरासरी पाऊस उणे येण्याचा चमत्कार घडतो आणि अशी खूण मोजक्याच ठिकाणी असेल, तर चूक डोळ्यांना दिसतही नाही. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून सोमवारच्या नावे असलेल्या पावसातला मोठा भाग रविवारी पडलेला असू शकतो. सर्वांत महत्त्वाची मर्यादा जाळीची आहे: पाव अंश म्हणजे या भागात सुमारे 27 किलोमीटर, आणि तेवढ्या चौकोनात कोकणाकडचा कडा, घाटघरचा माथा व जुन्नरच्या दिशेने उतरणारे कुकडीचे खोरे हे सगळे मावते. म्हणून त्या बिंदूचा आकडा हा घाटघरचा पाऊस नसून संपूर्ण चौकोनाचा अंदाज असतो. लायब्ररी कितीही उत्तम असली, तरी हे भान ती देत नाही. ते माहितीपत्रक वाचूनच मिळवावे लागते.

लायब्ररीची पारख

लायब्ररी वापरणे म्हणजे अनोळखी माणसांच्या कामावर विसंबणे. त्यामुळे पारख करताना काही गोष्टी पाहाव्याच लागतात. तिची शेवटची आवृत्ती केव्हा आली, ती सांभाळणारे एकटेच आहेत की अनेक, उदाहरणांसह कागदपत्रे आहेत का, वापरकर्त्यांनी कळवलेल्या चुका दुरुस्त होतात का, परवाना कोणता आहे आणि ती स्वतः आणखी किती लायब्ररींवर अवलंबून आहे, हे प्रश्न त्यांतले मुख्य. शेवटचा प्रश्न किती गंभीर आहे, हे मार्च 2016मध्ये जावास्क्रिप्टच्या जगाला कळले: लेफ्टपॅड नावाचे अवघ्या अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या कर्त्याने भांडारातून काढून घेतले आणि त्यावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी जगभर अडली. नावाजलेल्या पॅकेजच्या नावात एखादे अक्षर बदलून घातक कोड पसरवण्याचे प्रकारही घडतात, म्हणून पॅकेज बसवताना नाव अधिकृत पानावरून तपासून घेणे श्रेयस्कर ठरते.

दीर्घकाळ चालणाऱ्या कामात ही पारख कशी कसाला लागते, ते खोडदच्या दुर्बिणीच्या उदाहरणावरून दिसते. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने उभारलेल्या जीएमआरटीत प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत आणि त्यांच्या नोंदींतून आकाशाचे चित्र तयार करण्याचे काम सॉफ्टवेअरवर सोपवलेले आहे. रेडिओ खगोलशास्त्रात एआयपीएस ही मुख्यतः फोर्ट्रानमध्ये लिहिलेली जुनी प्रणाली अनेक दशके वापरात होती. ती टाकून न देता पार्सलटंग नावाच्या दुव्याने तिची कामे पायथनमधून चालवण्याची सोय झाली आणि जीएमआरटीने केलेल्या 150 मेगाहर्ट्झवरील मोठ्या आकाशपाहणीच्या नोंदींवर स्पॅम या ज्या कार्यप्रणालीने प्रक्रिया केली, ती याच दुव्यावर उभी होती. स्क्रिप्टिंग भाषेचे जोडकाम म्हणजे काय, याचा हा नमुना आहे.

कासा ही या क्षेत्रातील नंतरची प्रणाली आतून सी प्लस प्लसमध्ये असून बाहेरून पायथनने चालते. सुधारित जीएमआरटीच्या नोंदींसाठी रुता काळे आणि सी. एच. ईश्वरचंद्र यांनी कॅप्चर नावाची कार्यमालिका लिहिली. कार्यमालिका म्हणजे एकामागून एक आपोआप होणाऱ्या प्रक्रियांची साखळी. याच काळात पायथन 2चा आधार 1 जानेवारी 2020 रोजी अधिकृतपणे संपला आणि कासाची पाचवी मालिका पायथन 2वर, तर सहावी पायथन 3वर असल्याने तिच्यावर विसंबलेल्या कोडलाही नव्या आवृत्तीशी जुळवून घ्यावे लागले. खगोलशास्त्राचे सिद्धान्त तेच राहिले, तरी पायाची भाषा बदलली की वरचे मजले तपासावे लागतात, हा धडा पावसाच्या छोट्या प्रोग्रॅमलाही तितकाच लागू पडतो.

एडिटर: सवयीचा भाग

कोड लिहिण्याच्या प्रोग्रॅमला एडिटर म्हणतात आणि चर्चा सर्वाधिक त्याचीच होते. आयडल हा साधा एडिटर पायथनच्या अधिकृत संचासोबत येतो. एस्टोनियातील टार्टू विद्यापीठात घडलेला थॉनी नवशिक्यांसाठी असून प्रोग्रॅम पायरीपायरीने चालताना चलांच्या किमती कशा बदलतात ते दाखवतो. व्हीएस कोड आणि पायचार्म मोठ्या कामांसाठी सोईचे आहेत. विम आणि ईमॅक्स जुने असले, तरी दूरच्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांचा त्यांच्यावर अजून भरवसा आहे. एकेकाळी यांत मोठे अंतर होते. 2016मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल ही मुक्त पद्धत आली आणि भाषेचे ज्ञान एका स्वतंत्र सर्व्हरकडे ठेवून चुका दाखवणे, नावे पूर्ण करणे यांसारख्या सोयी कोणत्याही एडिटरला पुरवणे शक्य झाले. त्यामुळे आज एडिटर बदलण्यात फारसे काही गमवावे लागत नाही, लायब्ररी बदलताना मात्र बराच कोड नव्याने लिहावा लागतो.

ज्युपिटर नोटबुकचा विचार वेगळा करावा लागतो, कारण त्यात कोड, आलेख आणि स्पष्टीकरण एकाच पानावर राहते व पावसाच्या आकड्यांची प्राथमिक चाचपणी करण्यास ते अतिशय सोईचे पडते. त्याचा दोष असा, की त्यातील चौकटी कोणत्याही क्रमाने चालवता येतात आणि पानावर दिसणारे उत्तर वरून खाली चालवल्यास पुन्हा मिळेलच, याची खात्री राहत नाही; म्हणून निष्कर्ष लिहिण्यापूर्वी नोटबुक नव्याने सुरू करून पहिल्यापासून चालवण्याचा दंडक पाळावा. फक्त इंटरनेटवर चालणाऱ्या नोटबुकसेवा नेटवर्क भरवशाचे नसलेल्या घाटमाथ्यावर अडचणीच्या ठरतात, तेव्हा आवश्यक पॅकेजेस आधीच उतरवून संगणकावर ठेवणे हिताचे असते.

मराठी वापरकर्त्याने आणखी एक कसोटी लावावी, ती देवनागरीची. पायथन 3मध्ये मजकूर युनिकोडमध्ये असतो आणि १५० असे देवनागरीत लिहिलेले अंकही संख्येत बदलता येतात. पण ‘जुन्नर’ या शब्दाची लांबी पायथन सहा सांगतो, कारण उकार आणि पायमोडके चिन्ह तो स्वतंत्र मोजतो. विंडोजवर फाइल उघडताना यूटीएफ-8 ही सांकेतिक पद्धत स्पष्ट लिहिली नाही, तर गावांच्या नावांचे चौकोन किंवा अगम्य चिन्हे होऊ शकतात. एडिटर निवडताना जोडाक्षरे नीट दिसतात का आणि कर्सर त्यांच्यातून नीट सरकतो का, हे गावांच्या यादीची एक फाइल उघडून पाहिले की लगेच कळते.

पुन्हा तेच उत्तर मिळावे म्हणून

उरलेल्या साधनांत तीन आवश्यक आहेत. पहिले आभासी परिसर, म्हणजे प्रत्येक कामासाठी लायब्ररींचा वेगळा संच ठेवण्याची व्हेन्व्हसारखी सोय, आणि तिच्यासोबत आवृत्त्यांची लेखी यादी. जून 2024मध्ये नमपाय 2 आली, तेव्हा जुन्या आवृत्तीसाठी बांधलेली काही पॅकेजेस चालेनाशी झाली, मात्र ज्यांनी आवृत्ती बांधून ठेवली होती त्यांचे काम अडले नाही. दुसरे गिट, जे कोडमधील प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद ठेवते. तिसरे पायटेस्टसारखे चाचणी साधन. उणे 999चे आकडे वगळले जातात ना, एवढी एक चाचणी लिहिली, तरी वर सांगितलेली चूक पुन्हा शिरल्यास चाचणी चालवताच लक्षात येते.

हे शिकण्यासाठी महागड्या वर्गांची गरज नाही. मुंबईच्या आयआयटीत फॉसी हा मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रसाराचा प्रकल्प चालतो, याच आयआयटीतून निघालेले स्पोकन ट्यूटोरियल मराठीसह अनेक भारतीय भाषांत पाठ पुरवते आणि त्याच संस्थेतील प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी घडवलेली मायावी ही त्रिमितीय चित्रणाची लायब्ररी जगभर वापरली जाते. ज्यांना आरंभ करायचा आहे, त्यांनी एडिटरच्या वादात न शिरता थॉनी किंवा व्हीएस कोड यांपैकी एक उघडावा, आपल्या गावाच्या पावसाचा एक नेमका प्रश्न कागदावर लिहावा, प्रमाण लायब्ररीने भागत नसेल तरच बाहेरची लायब्ररी घ्यावी आणि घेतलेल्या प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती पहिल्याच दिवशी नोंदवून ठेवावी.