मसालेवाल्यांनी रोज नवं काय सांगावं?

घरगुती मसाले विकणाऱ्या अनेकजणी व्हॉट्सॲपवर रोज तेच स्टेटस ठेवतात: पाकिटाचा फोटो, भाव आणि ‘ऑर्डर सुरू’. आठवडाभरात गिऱ्हाईक ते न वाचताच पुढे जातं. मग ‘आता नवं काय टाकू?’ असा प्रश्न पडतो. उत्तर बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्याच तोंडी असतं.

‘तिखट लालभडक हवं, पण पोरांना झोंबायला नको’ ही मागणी घ्या. ब्याडगी मिरची रंगाला उत्तम, तिखटाला बेताची. लवंगी मात्र जहाल. दोन्हींचं प्रमाण कसं बदलता, ते सांगा. ‘मसाल्याला जाळी का धरते?’ यात तर चार दिवसांचा मजकूर आहे: कच्ची वाळलेली मिरची, ओला चमचा, पावसाळी हवा, बरणीतला हिंगाचा खडा. असे प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत त्याच दिवशी वहीत उतरवावेत. माझ्या मते या वहीइतकं उपयोगी साधन दुसरं नाही.

दुसरा आधार पंचांगाचा. उन्हाळ्यात मिरचीचं वाळवण आणि कांडप, श्रावणात कांदा-लसणाविना मसाला, दिवाळीआधी चकलीची भाजणी. तारखेला उपयोगी माहितीची जोड दिली की लोक वाचतात: जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’ने तारखांच्या मागच्या पानांवर पाककृती आणि आरोग्यावरचे लेख दिले, आणि भिंतीवरची दिनदर्शिका घराघरांत वाचली जाऊ लागली.

तेव्हा आज आलेला एक प्रश्न आजच लिहून ठेवा आणि उद्या त्याचं उत्तर टाका. भाव शेवटच्या ओळीत आला तरी चालतो.