पहिल्या वाढदिवसाला काय द्यावे?

नात्यातल्या किंवा शेजारच्या बाळाचा पहिला वाढदिवस आला की घरात एक प्रश्न हमखास निघतो : न्यायचे काय? कपडे चार महिन्यांत आखूड होतात. चांदीची वाटी कपाटात जाऊन बसते. खेळण्यांच्या दुकानात गेलो तर जवळजवळ प्रत्येक खोक्यावर ‘बुद्धीला चालना देणारे’ असे छापलेले असते. शिक्षकांना तर हा प्रश्न इतरही विचारतात, कारण मुलांबद्दल मास्तरांना आणि बाईंना कळते अशी लोकांची समजूत असते.

उत्तर शोधायचे तर आधी दोन गोष्टी पाहायला हव्यात. एक, वर्षाच्या मुलाचे हात आणि मेंदू या काळात कशात गुंतलेले असतात? दोन, कोणती वस्तू त्याच्या जिवावर बेतू शकते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर आपल्या शालेय भौतिकी-रसायनाच्या पुस्तकातच आहे.

झाकले म्हणजे नाहीसे झाले?

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांच्या हालचालींची बारीक टिपणे ठेवली. त्यांच्या लक्षात आले, की पाच-सहा महिन्यांच्या बाळासमोर खेळणे रुमालाने झाकले तर ते शोधायला जात नाही. आठ-नऊ महिन्यांचे मूल मात्र रुमाल ओढून खेळणे काढते. वस्तू दिसत नसली तरी ती असते, हे ज्ञान तोवर त्याच्या हातांपर्यंत पोहोचलेले असते.

‘हातांपर्यंत’ म्हणण्याचे कारण आहे. १९८५ साली रने बायार्जों, एलिझाबेथ स्पेल्की आणि स्टॅनली वासरमन यांनी हात न वापरता, केवळ नजर किती वेळ खिळते यावरून पाहिले. पाच महिन्यांची बाळेसुद्धा झाकलेली वस्तू तिथेच असल्यासारखी वागतात, असे त्यांना आढळले. म्हणजे कळणे आधी येते आणि त्यावरून हाताने काही करणे मागाहून येते. या दोहोंमधले अंतर कापण्यातच मुलाचे पहिले वर्ष जाते.

यातली गंमत आपणही पाहू शकतो. दहा महिन्यांच्या मुलासमोर दोन रुमाल ठेवा. उजव्या रुमालाखाली चेंडू तीन-चार वेळा लपवा आणि त्याला शोधू द्या. मग त्याच्या डोळ्यांदेखत चेंडू डाव्या रुमालाखाली ठेवा आणि दोन-तीन सेकंद थांबा. पुष्कळदा मूल पुन्हा उजवाच रुमाल उचलते! वर्ष उलटता उलटता ही चूक कमी होत जाते. पहिला वाढदिवस येतो तो नेमका या वळणावर.

पाडणे हेही काम

याच सुमारास मूल अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत बारीक वस्तू पकडू लागते. मुद्दाम सोडून देणेही त्याला जमू लागते, आणि मग चमचा दहा वेळा खाली पडतो. आईला तो उच्छाद वाटतो. पियाजे यांचा मुलगा लॉराँ साधारण दहा महिन्यांचा असताना वेगवेगळ्या वस्तू, हात वेगवेगळ्या दिशांना ताणून, खाली सोडून पाहत असे. एक गोष्ट बदलायची आणि काय होते ते बघायचे. प्रयोगशाळेत आम्ही याहून वेगळे काही करत नाही.

आता दुकानातले ते खोके पाहू. बटण दाबले की दिवे लागतात, गाणे वाजते, प्राणी नाचतात. मूल काहीही करो, उत्तर तेच. प्रयोग एकदाच करता येतो, पुढे फक्त पाहत बसायचे. चेंडूचे तसे नाही. हळू ढकलला तर जवळ थांबतो, जोरात ढकलला तर पलंगाखाली जातो, आणि पलंगाखाली गेला तरी तो असतो! मुलाने केलेल्या कृतीत फरक पडला की उत्तरातही फरक पडावा, ही वर्षाच्या मुलाच्या खेळण्याची पहिली कसोटी.

पडद्याबद्दल वेगळे सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार एक वर्षाच्या मुलांना पडद्यासमोर बसवू नये.

वर्गात करण्याजोगी एक नळी

आता दुसरा प्रश्न. या वयात हाती आलेली वस्तू तोंडात जातेच. जिभेने आणि ओठांनी वस्तू समजून घेणे हाही शोधाचाच भाग, तो थांबवता येत नाही. पण वर्षाच्या मुलाला पुढचे दात असतात, चावायच्या दाढा नसतात. त्याची श्वासनलिका अरुंद असते. संथ प्रवाहाचा नियम सांगतो, की दाब तोच ठेवून नळीची त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्शावर येतो. मोठ्या माणसाला नुसता ठसका लावणारा तुकडा बाळाचा श्वास का कोंडतो, हे यावरून समजेल.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक प्रमाणित मापन-नळी वापरतात. तिचा आतला व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. तळ तिरपा असल्याने खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर असते. वस्तू दाबली नसताना, कोणत्याही बाजूने, या नळीत पूर्ण मावली तर ती नापास.

अशी नळी घरी किंवा वर्गात पाच मिनिटांत होते. परीघ म्हणजे व्यास गुणिले ३.१४. गुणाकार केला तर जवळजवळ १० सेंटिमीटर येतो. पातळ पुठ्ठ्याची ११ सेंटिमीटर लांब आणि ५.७ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. एक सेंटिमीटर भाग एकमेकांवर चढवून चिकटवा. नळी तयार. आपण तळ तिरपा न ठेवल्यामुळे ही नळी मूळ कसोटीपेक्षा थोडी कडक आहे, पण त्यात नुकसान काहीच नाही. दहा रुपयांचे नाणे, गोटी, पेनाचे टोपण, बाहुलीचा निघालेला डोळा, खेळण्यातल्या गाडीचे सुटलेले चाक टाकून पाहा. पैंजणाचा घुंगरूही. शेंगदाणे, फुटाणे आणि बोरन्हाणातली बोरेही या नळीत सहज मावतात. बोरन्हाण जरूर करावे, पण लुटीनंतर बाळाच्या आसपासची जमीन आधी झाडून घ्यावी.

फुगा मात्र या नळीला फसवतो. फुगवलेला फुगा मावत नाही, पण फुटल्यावर त्याचा पातळ तुकडा घशाशी घट्ट चिकटतो आणि काढायला कठीण जातो. वाढदिवसाचे फुगे उंचावर असावेत आणि फुटलेल्याचे तुकडे लगेच उचलावेत.

नाण्यासारखा दिसणारा सेल

गाणाऱ्या, चमकणाऱ्या खेळण्यांत बहुधा बटणासारखा चपटा सेल असतो. त्यातला २० मिलिमीटर व्यासाचा, तीन व्होल्टचा लिथियम सेल सर्वांत घातक. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, की तिथल्या ओलाव्यातून वीज वाहू लागते. आठवीच्या वर्गात आपण पाण्याचे विद्युत अपघटन दाखवतो, तेच इथे घडते. ऋण टोकापाशी हायड्रॉक्साइड तयार होते आणि हा तीव्र अल्क ऊती जाळतो. दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. खेळणे चालवायला निकामी ठरलेला सेलही एवढे करू शकतो. म्हणून ज्या खेळण्याच्या सेलचे झाकण स्क्रूने बंद नाही, ते घेऊ नये. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायचा प्रयत्न न करता तडक रुग्णालय गाठावे.

रंग कोणता?

लाकडी खेळणे म्हणजे निर्धोक, असे आपण धरून चालतो. लाकूड निर्धोक असते, प्रश्न रंगाचा असतो. पिवळ्या, नारिंगी रंगांसाठी शिशाची संयुगे पूर्वापार वापरात आहेत. मुलाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी रक्तात शोषला जाणारा हिस्सा मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट असतो आणि त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. घरगुती रंगांत शिसे दशलक्ष भागांत ९० भागांहून जास्त नसावे, असा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून आहे. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या खेळण्यांना मात्र त्यातून सूट आहे. त्यामुळे सावंतवाडीचे किंवा चन्नपट्टणचे खेळणे घेताना चिन्ह शोधत न बसता विक्रेत्याला सरळ विचारावे, की यावर लाख आहे की तेलरंग, आणि रंग कशाचा आहे. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग उतरतो का, तेही पाहावे. फडके स्वच्छ राहिले म्हणजे शिसे नाही असे मात्र सिद्ध होत नाही.

मग न्यावे काय?

एकात एक बसणारे चार-पाच स्टीलचे डबे. काठ गुळगुळीत हवेत आणि सर्वांत लहान डबासुद्धा आपल्या नळीत मावता कामा नये. मूल आधी डबे नुसते बाहेर काढील, मग आपटील, मग एकात दुसरा घालू पाहील. मोठा डबा लहानात का जात नाही, हे त्याला महिनोन्महिने पुरते. दोन वर्षांचे झाल्यावर तेच डबे पाणी ओतायला येतात.

जाड पुठ्ठ्याच्या पानांचे पुस्तक, किंवा घरातल्या माणसांची छायाचित्रे पुठ्ठ्यावर चिकटवून केलेले. याच वयात मूल बोटाने दाखवू लागते. त्याने दाखवावे, आपण नाव सांगावे : “ही आजी, हा मोती.” शब्द असेच येतात.

चालायच्या बेतात असलेल्या मुलाला जुना पांगुळगाडा. मूल आत बसून फिरते तो वॉकर नव्हे. वॉकरमुळे मूल लवकर चालायला लागत नाही, उलट जिन्यावरून आणि चुलीपाशी अपघात होतात. कॅनडाने तर २००४ मध्ये वॉकरवर बंदी घातली. पांगुळगाड्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभे असते आणि तोल त्यालाच सांभाळावा लागतो. गाडा हलका असेल तर खालच्या फळीवर वजन बांधावे, म्हणजे तो उलटणार नाही.

ओढायच्या खेळण्याची दोरी वीतभराहून लांब नको, एवढे आणखी पाहावे.

नळीचा हा प्रयोग शिक्षकांनी वर्गात जरूर करावा. घरून आणलेल्या वस्तू मुलांनी नळीत टाकून पाहाव्यात आणि पास-नापासची यादी फळ्यावर लिहावी. वर्गातल्या कितीतरी मुलामुलींच्या घरी धाकटे भावंड असते, आणि आई कामात असताना त्याला खेळवायचे काम यांच्याकडेच येते. बाळाच्या हातात मणी द्यायचा की डबा, हे ऐन वेळी तीच ठरवत असतात.