कम्प्युटरला कार्ड दिसत नाही? थोडं थांबा!

गणपतीआधी ठाकूरद्वारच्या चाळींतून एकच धांदल असते. दीड खोलीला रंग काढायचा म्हणजे कपाट गॅलरीत, गाद्या शेजारी आणि कम्प्युटरचा डबा पोटमाळ्यावर! आमच्या वाडीतल्या एका वहिनींकडे असंच झालं. रंग वाळला, डबा खाली आला. पडदा उजळला, पण लेकीचा नकाशे काढायचा प्रोग्राम म्हणू लागला, ग्राफिक्स कार्ड सापडत नाही. लेक आर्किटेक्चरला, चार दिवसांनी काम द्यायचं. दुरुस्तीवाल्यानं फोनवरच निकाल दिला, "कार्ड गेलं. नवीन घ्या." सणाच्या तोंडावर वीस हजार! वहिनी हातातली पाटली नुसती फिरवत बसल्या.

मैत्रिणींनो, सापडत नाही म्हणजे गेलं, असं थोडंच आहे? आपल्या किल्ल्या नाही का रोज हरवत! अवघड चित्रं झरझर काढणारं हे कार्ड वेगळं बसवलेलं असतं. बऱ्याच कम्प्युटरना त्याच्याशिवायही साधं चित्र दाखवता येतं, म्हणून पडदा चालू राहतो आणि आपण गोंधळतो.

आधी डब्याच्या मागे पाहा. पडद्याची वायर वरच्या, मदरबोर्डच्या खाचेत तर गेली नाही ना? ती खालच्या, कार्डाच्या खाचेत हवी. हलवाहलवीत ही चूक हमखास होते. मग स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'डिस्प्ले अडॅप्टर्स' उघडा. कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण असेल, किंवा नुसतं 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसत असेल, तर बहुधा ड्रायव्हर बिघडलाय. तो कंपनीच्या वेबसाइटवरून फुकट मिळतो. कार्डाचा मागमूसच नसेल, तर मात्र डबा उघडायचा.

घाबरू नका. कम्प्युटर बंद करा, प्लग काढा, सुरू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरा. डबा आडवा ठेवा. नायलॉनची साडी नको, सुती बरी. आणि आत हात घालण्याआधी डब्याच्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज कार्डावर उतरणार नाही. खाचेतून कार्डाला फार तर ७५ वॅट वीज मिळते. मोठ्या कार्डांना ६ किंवा ८ पिनांची वेगळी वायर लागते, ती सैल तर नाही ना? ती एकाच बाजूनं बसते, जोर करू नका.

मग स्क्रू काढा, खाचेच्या टोकाची खिटी दाबा आणि कार्ड सरळ वर उचला. खालच्या सोनेरी पट्ट्या पाहा. आपल्याकडे चौपाटीची खारी हवा, त्यात पावसाळा. पट्ट्या मंदावल्या असतील तर पेन्सिलीचं पांढरं खोडरबर हलकेच फिरवा, चुरा मऊ ब्रशनं झाडा. चिंच-मीठ लावायचा मोह आवरा, ही काही पितळेची समई नव्हे! ओलं फडकंही नको. कार्ड पुन्हा बसवताना खिटी 'टक्' वाजेपर्यंत दाबा आणि स्क्रू घट्ट करा.

वहिनींचं कार्ड एका टोकानं बोटभरही नाही, जेमतेम दोन दाणे वर आलं होतं. जड कार्ड, शिडीवरून उतरताना धक्का बसला असणार. दाबलं, प्लग लावला आणि यादीत नाव आलं. पाटली हातातच राहिली. लेक त्या रात्री दोनपर्यंत नकाशे काढत होती, म्हणे.

एवढं करूनही नाव येत नसेल, तर ते कार्ड कुणा ओळखीच्याच्या कम्प्युटरमध्ये लावून पाहा. तिथं चाललं तर दोष कार्डाचा नाही. तुमच्या मदरबोर्डाची खाच किंवा वीजपुरवठा तपासायला हवा. आपल्याला तर लॅमिंग्टन रोड पायी जाण्याइतका जवळ आहे. कार्ड पिशवीत नका कोंबू, स्वच्छ कागदी खोक्यातून न्या, आणि समोर लावून दाखवा म्हणावं. जुनं कार्ड विकत घेतानाही हाच हट्ट धरा.