विश्वास आणि सत्कृत्ये (ख्रिस्ती धर्मशास्त्र)

मनुष्याचे तारण विश्वासाने होते की सत्कृत्यांनी, आणि या दोहोंचा परस्परसंबंध काय, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक मध्यवर्ती प्रश्न आहे. पापामुळे देवापासून दुरावलेला मनुष्य देवाच्या दृष्टीने नीतिमान कसा ठरतो, या प्रश्नाशी तो निगडित आहे. तारणाचा उगम देवाच्या कृपेत आहे, हे सर्व प्रमुख ख्रिस्ती पंथांना मान्य आहे. त्या कृपेला मनुष्य देत असलेल्या प्रतिसादात सत्कृत्यांचे स्थान कोणते, याविषयी मात्र मतभेद आहेत. सोळाव्या शतकात पश्चिम युरोपातील चर्च दुभंगले, त्यामागील हा एक प्रमुख सैद्धान्तिक वाद होता.

बायबलमधील आधार

या चर्चेत प्रामुख्याने नव्या करारातील दोन लेखकांचा आधार घेतला जातो. रोमकरांस पत्र (३:२८) आणि गलतीकरांस पत्र (२:१६) यांत पौल असे प्रतिपादन करतो की, मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांनी नव्हे, तर विश्वासाने नीतिमान ठरतो. याउलट याकोबाच्या पत्रात (२:१४–२६) कृतीवाचून असलेला विश्वास निर्जीव मानला आहे. केवळ विश्वासाने मनुष्य नीतिमान ठरत नाही, असे तेथे (२:२४) स्पष्ट म्हटले आहे.

दोघेही अब्राहामाचेच उदाहरण देतात. पौल उत्पत्तीच्या १५व्या अध्यायाकडे बोट दाखवतो. तेथे अब्राहाम देवाच्या वचनावर विश्वास ठेवतो आणि तो विश्वास त्याच्या बाजूने नीतिमत्त्व म्हणून गणला जातो. याकोब त्याच वचनाला २२व्या अध्यायातील इसहाकाच्या अर्पणाची जोड देतो आणि विश्वास कृतीने पूर्ण झाला असे सांगतो. अनेक भाष्यकारांच्या मते दोघांचे रोख वेगळे आहेत. सुंता, आहारनियम यांसारखी नियमशास्त्रातील कर्मे तारणाची अट मानणाऱ्यांना पौल विरोध करतो. तर उघड्या व भुकेल्या बंधूला कोरड्या शुभेच्छा देऊन परत पाठवणाऱ्यांना याकोब फटकारतो. पौलाने इफिसकरांस पत्रातही (२:८–१०) तारण हे कर्मांचे फळ नसून देवाचे दान आहे असे म्हटले आहे. मात्र त्याच ठिकाणी सत्कृत्ये करण्यासाठीच मनुष्याची ख्रिस्तामध्ये निर्मिती झाली, असेही नमूद केले आहे.

प्रारंभिक वाद

पाचव्या शतकात पेलागियस याने मनुष्य आपल्या इच्छाशक्तीच्या बळावर पापरहित जीवन जगू शकतो, असे मत मांडले. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने त्याला विरोध केला. ऑगस्टीनच्या मते सत्कृत्याची इच्छादेखील कृपेवाचून उत्पन्न होत नाही. इ.स. ४१८ च्या कार्थेज येथील परिषदेने पेलागियसचे मत त्याज्य ठरवले. विश्वासाचा आरंभही कृपेनेच होतो, असा निर्णय इ.स. ५२९ मध्ये ऑरेंज येथील परिषदेने दिला.

धर्मसुधारणा

मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये मांडलेली ९५ विधाने क्षमापत्रांच्या प्रथेविरुद्ध होती. पापाबद्दलची ऐहिक शिक्षा माफ करणारी ही पत्रे त्या काळी द्रव्याच्या मोबदल्यात दिली जात. पुढे त्याने ‘केवळ विश्वासाने’ हा सिद्धान्त मांडला. १५२२ च्या जर्मन नव्या करारात रोमकरांस पत्राच्या ३:२८ या वचनात त्याने मूळ ग्रीकमध्ये नसलेला ‘केवळ’ हा शब्द घातला. जर्मन भाषेच्या धाटणीला तो आवश्यक आहे, असे त्याने १५३० मध्ये समर्थन केले.

या सिद्धान्तामुळे लोक सदाचार सोडतील, असा आक्षेप घेण्यात आला. चांगले झाड चांगली फळे देते, पण फळांमुळे झाड चांगले होत नाही, हा दृष्टान्त ल्यूथरने त्यासाठी वापरला. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या अनुयायांतच वाद उद्भवला. गेओर्ग माजोर सत्कृत्ये तारणासाठी आवश्यक मानी, तर निकोलाउस फॉन आम्सडोर्फ ती तारणास हानिकारक असल्याचे म्हणे. १५७७ च्या ऐक्यसूत्राने ही दोन्ही विधाने नाकारली. जॉन कॅल्व्हिननेही नीतिमान ठरणे आणि पवित्र होत जाणे यांत भेद केला, परंतु ती परस्परांपासून विभक्त होऊ शकत नाहीत असे प्रतिपादिले.

कॅथोलिक व ऑर्थोडॉक्स मत

ट्रेंटच्या परिषदेने जानेवारी १५४७ मध्ये या विषयावर निर्णय दिला. विश्वास हा नीतिमत्त्वाचा आरंभ व मूळ आहे आणि प्रारंभिक कृपा कोणत्याही कर्माने मिळवता येत नाही, हे परिषदेने मान्य केले. मात्र नीतिमान ठरलेला मनुष्य कृपेच्या साहाय्याने केलेल्या सत्कृत्यांनी त्या नीतिमत्त्वात वाढतो, असे तिने शिकवले. प्रॉटेस्टंट मतानुसार नीतिमान ठरणे हा देवाचा निवाडा आहे. कॅथोलिक मतानुसार त्यात अंतःकरणाचे नूतनीकरणही अंतर्भूत आहे. मतभेदाचे मूळ बव्हंशी या व्याख्येत आहे.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत तारण म्हणजे देवाच्या जीवनात उत्तरोत्तर सहभागी होणे होय. त्यात दैवी कृपा व मानवी इच्छा यांचे सहकार्य अपेक्षित असते. १६७२ च्या जेरुसलेम येथील परिषदेने ‘केवळ विश्वासाने’ हे मत नाकारले.

आधुनिक काळ

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथोलिक चर्च आणि जागतिक लुथरन संघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. मनुष्य स्वतःच्या गुणांमुळे नव्हे, तर कृपेने ख्रिस्तावरील विश्वासाद्वारे स्वीकारला जातो आणि सत्कृत्ये ही त्याची फळे आहेत, यावर मूलभूत एकमत जाहीर करण्यात आले. २००६ मध्ये जागतिक मेथॉडिस्ट परिषद या घोषणापत्रात सहभागी झाली. तथापि काही लुथरन धर्मशास्त्रज्ञांनी त्यावर आक्षेप नोंदवले.

महाराष्ट्रातील संदर्भ

पंडिता रमाबाई यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी सापडला, पण प्रत्यक्ष ख्रिस्त काही वर्षांनी सापडला, असे त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात नोंदवले आहे. धर्माचरणापेक्षा ख्रिस्तावरील विश्वासाला प्राधान्य देणाऱ्या रमाबाईंनी केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये विधवा व दुष्काळग्रस्त स्त्रिया आणि मुलींसाठी आश्रय, शिक्षण व उद्योग यांची व्यवस्था उभारली.