इटलीचा भाग, कुर्ल्याची गाडी

जुनी फियाट नीट करायला काढली की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘इटलीहून पार्ट मागवा भाऊ, एकदम ओरिजिनल.’ सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, आणि पैसे काही त्याचे जात नाहीत. पण जळगाव-धुळ्याकडे दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कापूस व्यापाऱ्याच्या गोदामात किंवा वाड्याच्या ढेलजेत धूळ खात उभ्या असलेल्या बहुतेक फियाट इटलीत तयार झालेल्याच नाहीत. त्या कुर्ल्याच्या. कसारा घाट चढून मुंबई-आग्रा रस्त्याने त्या खानदेशात आल्या. त्यांचे अस्सलपण फियाटच्या ट्युरिनच्या मापाने मोजायला गेले की हिशेब चुकतो.

मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. सुरुवात क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो यांच्या जोडणीने झाली. १९५१ पासून फियाटची चिमुकली ५०० आली आणि १९५४ पासून ११००. हा काळ महत्त्वाचा. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवले, की नुसते सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्यांना इथे जागा नाही. टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनवायचे. फोर्ड आणि जनरल मोटर्सनी गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली, आणि त्यानंतर तिच्या गाडीतला एकेक भाग देशी होत गेला. आज डायनामो, उद्या काच, परवा ब्रेकचे सिलिंडर. त्यामुळे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या, पण काही वर्षांच्या अंतराने बनलेल्या दोन फियाट आतून वेगळ्या असू शकतात, आणि दोन्ही तितक्याच ‘कंपनी फिटिंग’ असतात.

मासल्याला इंजिनच घ्या. १९६२ मध्ये इटलीत ११०० डी आली तेव्हा तिचे इंजिन १२२१ सीसीचे झाले होते. पिस्टनचा स्ट्रोक जुनाच, ७५ मिलिमीटर. बोअर मात्र ६८ वरून ७२ वर नेलेला. भारतात ११०० डी १९६४ मध्ये आली. अंगाने नवी, पण इंजिन जुनेच: ६८ बाय ७५, म्हणजे १०८९ सीसी. पुढे हेच इंजिन या गाडीच्या पुढच्या अवतारात, पद्मिनीत गेले आणि त्याच मापावर कित्येक वर्षे चालले. म्हणून इटालियन पुस्तक समोर ठेवून कुर्ल्याच्या गाडीत ७२ चा बोअर शोधणारा माणूस पुस्तकाप्रमाणे बरोबर आणि गाडीप्रमाणे चूक असतो.

नावाचीही तीच गत. फियाटबरोबरचा करार संपल्यावर गाडी काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ या नावाने विकली गेली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. लोकांनी तिला फियाट म्हणणे काही सोडले नाही. आजही हौशी मालक पद्मिनीच्या जाळीवर फियाटचा बिल्ला चढवतात. गाडी दहा वर्षांनी जुनी दिसते आणि किंमतही वाढते. बिल्ला खरा असेल, इटालियनही असेल. त्या गाडीवर मात्र तो खोटाच. पुढच्या दारांकडे पाहिले तरी पुष्कळ कळते. जुन्या ११०० ची पुढची दारे मागच्या बाजूला बिजागरीवर बसवलेली, म्हणजे उलटी उघडणारी. पद्मिनीची दारे नेहमीसारखी. बिल्ला एक काळ सांगतो आणि बिजागरी दुसरा, तेव्हा बिजागरीचे ऐकावे. बिल्ला बदलायला स्क्रू-ड्रायव्हर पुरतो; बिजागरी बदलायची तर खांबाचा पत्राच कापावा लागतो.

एका खुणेला दुसरीशी ताडून पाहण्याची ही पद्धत धुळ्यात नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन याच गावात १९२६ च्या शेवटच्या दिवशी झाले आणि त्यांच्या दप्तरासाठी इथेच संशोधन मंडळ उभे राहिले. जुना कागद हाती आला की त्यातला मजकूर खरा मानण्याआधी कागद, शाई, अक्षराचे वळण, मायना, तारीख यांचा आपसांत मेळ बसतो का ते बघायचे, ही या विद्येची रीत. गाडीच्या बाबतीतही एका खुणेवर निकाल देता येत नाही. चार खुणा एकाच काळाकडे बोट दाखवतात का, हे पाहावे लागते.

त्यातली पहिली खूण चेसिस नंबर. फियाट ११०० ला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. बॉडी आणि सांगाडा एकच. म्हणून नंबर पत्र्यावरच ठोकलेला असतो आणि शेजारी रिव्हेट मारलेली पाटी असते. आरटीओत पासिंगच्या वेळी कागद ठेवून पेन्सिलीने घासून नंबरचा ठसा घेतात, तसाच घरी घ्यावा. कारखान्याच्या ठशात अक्षरांची उंची आणि खोली सारखी येते. हाताने ठोकलेला आकडा कुठे खोल, कुठे कलता असतो. नंबराभोवती ग्राइंडरचे ओरखडे किंवा पाटीला नव्या धाटणीचे रिव्हेट दिसले, तर पुढे जाण्याआधी आरसी बुक पुन्हा वाचावे.

दुसरी खूण पत्रा. कारखान्यात पत्र्याचे सांधे स्पॉट वेल्डिंगने जोडतात. ठरावीक अंतरावर एकसारखे गोल खळगे पडतात. गॅरेजात तुकडा मारला की गॅस वेल्डिंगची ओबडधोबड रेघ राहते, वर लांबी भरून ती झाकली जाते. बाहेरून हात फिरवून कळत नाही. डिकीतली चटई उचलावी, दाराचा कोपरा बघावा, मडगार्डच्या आतून बोट फिरवावे. शंका आली तर चुंबक लावावा. पुट्टीच्या जाड थरावर तो धरत नाही.

तिसरी खूण रंग. मालकाने बाहेरून पाचदा रंगवलेल्या गाडीचा मूळ रंग डॅशबोर्डखाली, दाराच्या पॅडमागे, मागच्या सीटखाली जसाच्या तसा सापडतो. बाहेरच्या अंगावर एखादी लहान जागा बारीक पॉलिश पेपरने पाण्यात हळूहळू घासली की थरांची वर्तुळे उमटतात. सर्वांत आतला प्रायमर, त्यावरचा पहिला रंग कारखान्याचा. तो आरसीवरच्या रंगाशी जुळला तर उत्तम. जुळला नाही तर एखादे दार किंवा बोनट दुसऱ्या गाडीचे असण्याची शक्यता धरून प्रत्येक पॅनल वेगळे तपासावे.

बोल्ट मात्र सगळ्यांत बोलके. फियाट मिलिमीटरची गाडी, अँबॅसेडर आणि जीप इंचाच्या. खानदेशातल्या मिस्त्रीचा हात बसलेला असे तो जीप, ट्रॅक्टर आणि ट्रकवर. त्याच्या पेटीत इंचाचे पाने जास्त. फियाटचा बोल्ट हरवला की जीपचा जवळपास बसणारा बोल्ट आटे फिरवून दाबला जाई. आज पाना लावताना तेरा नंबर सैल आणि बारा नंबर घट्ट लागला, तर तिथे कोणीतरी आधी हात घालून गेले आहे असे समजावे. डायनामो, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर यांवर अनेकदा निर्मितीची तारीख ठोकलेली असते. ती गाडीच्या तारखेच्या थोडी आधीची हवी. गाडी बाहेर पडल्यानंतर बनलेला डायनामो त्याच कंपनीचा आणि उत्तम चालणारा असला, तरी तो नंतर बसवलेला.

या सगळ्यात खानदेशच्या उन्हाने आपली भर घातली आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला भिडतो. इंजिनला चिकटून असलेल्या पेट्रोल पंपात पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. मग पंपावर ओले फडके ठेवून थांबायचे. पुढे कुणी इलेक्ट्रिक पंप बसवला, कुणी जादा पंखा. थर्मोस्टॅट तर अनेक गाड्यांतून काढूनच टाकलेला. ‘उगाच गाडी गरम करतो’ असा त्याच्यावर मिस्त्री लोकांचा राग. पेट्रोल महागल्यावर काहींनी मूळ इंजिन काढून डिझेल बसवले. शेवटच्या काळात कारखान्यानेही १३७ डी ही डिझेल पद्मिनी काढली. त्यामुळे डिझेल पद्मिनी दिसली की लगेच नाक मुरडू नये. आधी चेसिस नंबर बघावा.

भाग मिळवायचे तर बाजार ओळखता यायला हवा. तालुक्याच्या गावातल्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात वरच्या फळीवर ‘डेड स्टॉक’ पडलेला असतो: तेलकट कागदात गुंडाळलेला, खोक्यावर पार्ट नंबर, कधी न विकला गेलेला. हा खरा खजिना. पण खोकी नव्याने छापता येतात. म्हणून आतल्या वस्तूचा ओतीव नंबर कंपनीच्या पार्ट्स कॅटलॉगशी ताडून बघावा आणि मशिनिंगची सफाई जुन्या भागाशेजारी ठेवून तोलावी. दुसरा मोठा झरा होता मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींचा. हजारो पद्मिनी रोज धावत, म्हणून त्यांच्यासाठी स्वस्त डुप्लिकेट भाग अखंड बनत राहिले आणि मोडीत निघालेल्या गाड्यांचे खरे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर येत राहिले. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तो झरा आता आटत जाणार.

नेमक्या याच सुमारास अस्सलपणाला कायद्याचे वजन आले. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय केली. नवी नोंदणी वीस हजार रुपयांत, मुदत दहा वर्षे, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. त्यातली एक अट जड: चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीत आली. एमएच-१८ आणि एमएच-१९ च्या, म्हणजे धुळे-जळगावच्या हद्दीतल्या गाड्याही एकेक करून त्या वयाला पोचत आहेत. इलेक्ट्रिक पंप काढून जुना परत बसवता येतो. बदललेल्या इंजिनाचे मात्र नंतर उत्तर देता येत नाही.

म्हणून चुकीचा भाग काढताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. फसवणारा भाग, म्हणजे खोटा बिल्ला किंवा पुन्हा ठोकलेला नंबर, याला माफी नाही. खानदेशच्या रस्त्यावर गाडी चालती ठेवणारी दुरुस्ती मात्र गाडीच्या चरित्राचाच भाग आहे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने केलेली ट्युरिन सनद हेच सुचवते: बदलायचे ते बदला, पण नवा भाग नवा म्हणून ओळखता आला पाहिजे आणि केलेल्या कामाची नोंद राहिली पाहिजे. फियाटच्या गावाच्या नावाने निघालेली ही सनद कुर्ल्याच्या गाडीलाही चपखल लागू पडते.

तेव्हा गाडी खोलण्याआधी वहीत चेसिस आणि इंजिन नंबर लिहा. प्रत्येक भाग काढताना त्याचा फोटो घ्या, ओतीव नंबर आणि तारीख नोंदवा. काढलेला चुकीचा भागही चिठ्ठी बांधून पेटीत ठेवा. कदाचित तोच त्या महिन्याच्या कुर्ल्याचा खरा भाग निघेल. आणि गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला शेजारी बसवून ‘हे कुणी बदललं, केव्हा, कशासाठी?’ हे विचारून घ्या. कॅटलॉग पुन्हा छापता येईल, बिल्लेही पुन्हा बनतील. त्याच्या डोक्यातली माहिती मात्र विचारल्याशिवाय वहीत येणार नाही.