तंजावूरचं भात आणि थरथरणारा आकडा

मेट्टूर धरणाचं पाणी 12 जूनला कावेरीत सोडायचा रिवाज आहे. त्या पाण्यावर तंजावूर भागात कुरुवै हंगामाचं भात उभं राहतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात कापणीला येतं. नेमका तेव्हाच ईशान्य मोसमी पाऊस दारात येतो. आपल्याकडे दिवाळीपर्यंत पाऊस आवरतो, तिथे तो सुरू होतो. सरकारी खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा 17 टक्के. नीट साठवायचं तर ओलावा 14 टक्क्यांच्या आसपास हवा. शेतातून येणारं भात याहून बरंच ओलं असतं. तंजावूरची आजची निफ्टेम ही अन्नतंत्रज्ञान संस्था मुळात भातप्रक्रियेच्या संशोधन केंद्रातून वाढली, ती काही उगाच नाही.

मराठी वाचकाचं तंजावूर म्हणजे व्यंकोजीराजे, सरस्वती महाल आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरचा 1803 चा मराठी शिलालेख. आज मात्र तिथल्या भातगिरणीतल्या ड्रायरच्या पॅनेलसमोर उभं राहू या.

ड्रायरमध्ये तुसाच्या भट्टीवर तापलेली हवा भातातून फिरवतात. हवा कमी तापली तर भात ओलं राहतं. जास्त तापली तर दाण्याला आतून तडे जातात आणि कांडताना अख्ख्या तांदळाऐवजी कणी पडते. बियाण्याचं भात तर 43 अंशांच्या वर तापू देत नाहीत, उगवणशक्ती जाते. म्हणजे शेतकऱ्याचा आणि गिरणीवाल्याचा पैसा तापमानाच्या एका आकड्यावर उभा असतो.

तो आकडा तारेतून येतो. सेन्सरजवळचा ट्रान्समीटर तापमानाचं रूपांतर 4 ते 20 मिलिअँपिअर विद्युतप्रवाहात करतो आणि पीएलसीचं (ड्रायर चालवणाऱ्या नियंत्रकाचं) अॅनालॉग इनपुट तो मोजतं. शून्य अंशाला शून्य प्रवाह न ठेवता 4 ठेवला, कारण तार तुटली तर प्रवाह शून्यावर येतो आणि बिघाड लगेच ओळखता येतो. ट्रान्समीटरचा पट्टा 0 ते 150 अंशांचा असेल, तर प्रवाहात 0.1 मिलिअँपिअरचा फरक म्हणजे जवळजवळ एक अंश. एवढ्या नाजूक तारेशेजारून पंख्याच्या मोटरची केबल गेलेली असते. मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह सुरू झाला की 82 वर असलेला आकडा 79 ते 85 मध्ये नाचू लागतो.

मग बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो: पीएलसीत फिल्टरचा आकडा वाढवायचा. पडद्यावरची रेघ शांत होते, सगळे समाधानाने घरी जातात. माझा आक्षेप याच सवयीला आहे.

साधा फिल्टर नवी नोंद पूर्ण मानत नाही, जुन्या नोंदींत मुरवत नेतो. त्याची वेळ 20 सेकंद ठेवली, तर अचानक झालेल्या बदलाचा 63 टक्के भाग 20 सेकंदांनी दिसतो आणि 95 टक्के दिसायला एक मिनिट लागतं. भट्टी भडकून हवा दर सेकंदाला अर्ध्या अंशाने तापत असेल, तर पडद्यावरचा आकडा खऱ्या तापमानाच्या 10 अंश मागे राहतो. या आकड्यावर चालणारी गरम हवेची झडप तेवढी उशिरा मिटते. तोवर भात करपतं, मग झडप गरजेपेक्षा जास्त मिटते, आणि तापमान झोके घेऊ लागतं. शांत रेघेच्या आड कणी वाढत असते.

दुसरी गोष्ट याहून फसवी. समजा, पीएलसीच्या साध्या इनपुट मोड्यूलने दर 0.1 सेकंदाला एक क्षणिक नोंद घेतली आणि तारेत विजेची 50 हर्ट्झची गुणगुण शिरली आहे. आपल्या ग्रिडची वारंवारता थोडी वरखाली होते, ती 49.9 झाली की प्रत्येक नोंद आवर्तनाच्या थोड्या वेगळ्या जागी पडते आणि पडद्यावर 10 सेकंदांचा संथ झोका दिसतो. ट्यूबलाइटखाली जोरात फिरणारा पंखा कधीकधी हळू फिरल्यासारखा दिसतो, तोच प्रकार. हा झोका भट्टीचा वाटतो, आणि नंतर लावलेल्या फिल्टरला खरा झोका आणि खोटा झोका यांत फरक करता येत नाही. गुणगुण अडवायची ती नोंद घेण्याआधीच.

त्यासाठी चांगल्या मोड्यूलमध्ये सोय असते. ते 20 मिलिसेकंदांची, म्हणजे 50 हर्ट्झच्या एका पूर्ण आवर्तनाची, बेरीज घेतात. वरचा आणि खालचा भाग एकमेकांना खोडतात. पण सेटिंग 60 हर्ट्झवर राहिलं असेल, तर बेरीज 16.67 मिलिसेकंदांचीच होते आणि गुणगुणीचा जवळजवळ पाचवा हिस्सा आत येतो. अमेरिकी घडणीच्या यंत्रसामग्रीबरोबर 60 चं सेटिंग इथवर येऊ शकतं. आकडा नाचू लागला की हे सेटिंग मी सगळ्यात आधी पाहीन. दुरुस्तीला एक पैसा लागत नाही.

त्यानंतर फिल्टर काढून कच्चा आकडा पाहायचा आणि पंखा बंद-चालू करायचा. पंख्याबरोबर नाच थांबला तर गुन्हेगार ड्राइव्ह. मग चाचणीच्या आकड्यावर झडप हलणार नाही अशी व्यवस्था करून पॅनेलवरच्या टर्मिनलला लूप कॅलिब्रेटरने स्थिर 12 मिलिअँपिअर द्यायचे: पट्ट्याचा बरोबर मध्य, 75 अंश. तिथे आकडा स्थिर असेल तर मोड्यूल निर्दोष. आता तेच 12 सेन्सरच्या टोकाकडून द्यायचे. इथे आकडा हलला तर दोष मधल्या तारेत. सिग्नल केबलची शील्ड, म्हणजे तिच्यावरचं धातूचं वेष्टन, दोन्ही टोकांना अर्थ केलेली असेल, तर दोन अर्थिंगमधल्या फरकामुळे तिच्यातून प्रवाह वाहतो; सहसा ती पॅनेलकडच्या एकाच टोकाला जोडतात. सिग्नलची केबल मोटरच्या केबलच्या ट्रेमधून काढून वेगळी न्यायची. आणि जंक्शन बॉक्स उघडायचा. भातगिरणीत त्यात कोंड्याची धूळ बसते, पावसाळी हवेत ती ओल धरते आणि टर्मिनलांमधून प्रवाह झिरपू लागतो. तंजावूरच्या ऑक्टोबरात तारेच्या दोषांपैकी हा संशय पहिल्यांदा घ्यावा असं मला वाटतं.

एवढं करून उरलेल्या बारीक थरथरीला फिल्टर जरूर लावावा, दोन-तीन सेकंदांचा. अधूनमधून एखादीच उंच उसळी येत असेल, तर सरासरीपेक्षा शेवटच्या पाच नोंदींतली मधली नोंद घेणं बरं; एकटी उसळी तिथे आपोआप गळते.

विदर्भात याच भाताला धान म्हणतात, आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या गिरण्यांतही असे ड्रायर आणि असे पॅनेल असू शकतात. तिथल्या फोरमन आणि इलेक्ट्रिशियन मंडळींना माझी विनंती आहे: या हंगामात फिल्टरचा आकडा बदलण्याआधी जुना आकडा, तारीख आणि बदलाचं कारण पॅनेलच्या दाराआतल्या कागदावर लिहून ठेवा.